हिरव्या माथ्याचे दगड

आमच्या जगात पश्चिमेला माळ आहे आणि पूर्वेला समुद्र. माळावर माळवाडी, समुद्रकाठी ताईचं घर, आणि मध्ये सहा किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर. माइनक्राफ्ट या खेळात एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, त्यामुळे हे अंतर अंदाजाने सांगावं लागत नाही. एफ-३ ची कळ दाबली की आपण कुठे उभे आहोत त्याचे आकडे पडद्यावर येतात. पूर्वेला निघालं की एक्स वाढतो, दक्षिणेला निघालं की झेड. माळवाडी शून्यापाशी आहे. ताईचं घर एक्स ६,२००, झेड उणे १,४००, म्हणजे पूर्वेला आणि जरासं उत्तरेला. न पळता चालणारा माणूस इथे सेकंदाला ४.३ मीटर जातो. वाट सरळ आणि सपाट असती तर पंचवीस मिनिटांत पोचता आलं असतं. पण वाट सरळ नाही, सपाट तर नाहीच, आणि वीस मिनिटांत इथला दिवस आणि रात्र दोन्ही उरकतात. तेव्हा मुक्काम करणं आलंच.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही हे अंतर जमिनीवरून पार केलं नव्हतं. हे जग आम्ही २०२० च्या टाळेबंदीत सुरू केलं. आई-बाबा साताऱ्यात, मी पुण्यात, ताई, भाऊजी आणि ईशा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला. विमानं बंद होती. ईशा लहान होती आणि तिला आजी-आजोबा हवे होते, म्हणून मी एका छोट्या संगणकावर सर्व्हर उभा केला आणि सगळ्यांना आत घेतलं. मे महिन्यात ताईला समुद्र हवासा वाटला. ती नेदरमधून गेली. नेदर म्हणजे या जगाच्या खालची लाव्ह्याची दुनिया. तिथलं एक पाऊल वरच्या आठ पावलांइतकं असतं. त्यामुळे वरचे सहा हजार ब्लॉक खाली आठशेच्या आत बसतात. तिने लाल दगडातून बोगदा काढला, दुसऱ्या टोकाला पोर्टल बांधलं, बाहेर पाऊल टाकलं आणि समोर समुद्र होता. तिथे तिने घर बांधलं आणि ‘सेटहोम’ असं लिहून ठेवलं. त्यानंतर ‘होम’ लिहिलं की ती क्षणात घरी. तिच्याकडे जायचं तर आम्हीही एक आज्ञा लिहायचो आणि तिच्या ओसरीवर उभे राहायचो.

ही ‘होम’ची सोय मूळ खेळात नाही. ती आमच्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमुळे होती. खेळाचा मूळ सर्व्हर मोजांग ही कंपनी देते. त्यावर बाहेरच्या लोकांनी बुकिट रचलं, बुकिटमधून स्पिगॉट आलं, स्पिगॉटमधून पेपर. आमचं जग पहिल्या दिवसापासून पेपरवर होतं. पेपर हलकं चालतं आणि त्याला प्लगइन जोडता येतात. प्लगइन फक्त सर्व्हरवर असतात, खेळणाऱ्याला आपल्या लॅपटॉपवर काहीच घालावं लागत नाही. साताऱ्यातल्या लॅपटॉपसाठी मला हेच हवं होतं. इसेन्शियल्स या प्लगइनमुळे ‘होम’ मिळालं. कोअरप्रोटेक्टमुळे कुठला ब्लॉक कुणी, कधी ठेवला किंवा फोडला याची नोंद राहू लागली.

मग ईशा मोठी झाली आणि जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली. तिला या जगात नवे ब्लॉक घालायचे होते. आईने तिच्याकडे झोपाळा मागितला होता आणि अंगणात तुळशीवृंदावन. पेपरवर हे होत नाही. प्लगइन असलेल्या वस्तूंना नवे नियम लावू शकतो, नवी वस्तू जन्माला घालू शकत नाही. त्यासाठी मॉड लागतो. मॉड खेळालाच हात घालतो, म्हणून तो सर्व्हरवर आणि प्रत्येक खेळणाऱ्याच्या संगणकावर, दोन्हीकडे असावा लागतो. मॉड चालवणारं फॅब्रिक हे वेगळ्या कुळातलं सॉफ्टवेअर आहे. पेपरचे प्लगइन त्याला समजत नाहीत आणि त्याचे मॉड पेपरला समजत नाहीत. एकावेळी दोन्ही मिळणार नव्हती. ईशाने झोपाळा बनवून दाखवला. कड्या, पाट, झोका घेताना होणारी करकर, सगळं होतं. आईने तो पडद्यावर पाहिला आणि मुक्काम हलवायचं ठरलं.

हा निर्णय मी हलक्यात घेतला नाही. झोपाळा एकदा जगात टांगला की परत पेपरवर जाणं महाग पडतं, कारण मॉड काढला की त्याने आणलेले ब्लॉक नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी हवा उरते. म्हणजे ईशाच्या हातचं ठेवायचं असेल तर ईशाचा मॉडही कायम जपावा लागणार. तिने तो सांभाळायचं कबूल केलं. तिच्या वयाला हे वचन मोठं आहे आणि ती ते पाळेल याची मला खात्री आहे.

हलण्याआधी मी ‘होम’च्या नोंदी काढून घेतल्या. इसेन्शियल्स प्रत्येकासाठी एक फाइल ठेवतं, त्यात प्रत्येक ठिकाणाचे तिन्ही आकडे असतात. आईच्या फाइलमध्ये विहीर होती, परसदार होतं, आणि ताईच्या घरातली एक खोली. ईशाच्या फाइलमध्ये तर सगळा मुलूख होता. बाबांच्या फाइलमध्ये मात्र एकही ठिकाण नव्हतं.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्यभर रस्त्यांवर होते. त्यांनी ‘होम’ कधी वापरलं नाही. बाकीचे उड्या मारत होते तेव्हा ते माळवाडीहून पूर्वेकडे रस्ता बांधत होते. तीन ब्लॉक रुंद, दोन्ही बाजूंना साइडपट्टी, ओढा आला की मोरी. घाटात चढ एकास वीस, म्हणजे दर दहा ब्लॉकला अर्ध्या उंचीचा एक स्लॅब. दर अडीचशे ब्लॉकला दगड, खाली पांढरा आणि माथा हिरवा, कारण हिरवा माथा राज्य महामार्गाचा असतो. राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा, खेड्यातल्या रस्त्याचा नारिंगी. माळवाडीत पहिल्या घरासमोर त्यांनी वालुकाश्माचा खांब उभारला होता, नागपूरचा झिरो माइल डोळ्यांपुढे ठेवून. सगळं चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं अंतर, तिथून मोजायचं. रस्ता ताईच्या दिशेने चालला होता आणि वाटेवर कुणीही नव्हतं.

जग बंद करण्याच्या आदल्या रात्री मी त्या रस्त्यावर कोअरप्रोटेक्टची तपासणी चालू करून फिरले. दगडाला हात लावायचा आणि नाव वाचायचं. बाबा. पुढचा, बाबा. मोरीचा कठडा, बाबा. मशाल, आई. मी परत हात लावला. आईच होती. घाटाच्या अवघड वळणावरच्या कितीतरी मशाली तिच्या नावावर निघाल्या. तिने कधी सांगितलं नव्हतं आणि बाबांनीही नाही. ही नोंद दुसऱ्या दिवशी खेळातून विचारता येणार नव्हती. तिची फाइल मी जपून ठेवली आहे, पण दगडाला हात लावून नाव वाचणं त्या रात्रीपुरतंच होतं, म्हणून मी उजाडेपर्यंत हिंडले.

मग प्रत्यक्ष हलणं. आधी एक नियम पाळला: दोन्हीकडे खेळाची आवृत्ती तीच ठेवायची, १.२१.१. सॉफ्टवेअर आणि आवृत्ती एकदम बदलली आणि काही बिघडलं तर कुणामुळे बिघडलं ते कळत नाही. सर्व्हर रीतसर थांबवला, कारण चालू सर्व्हर जग लिहीत असतो आणि त्यावेळी घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. पूर्ण जगाची नक्कल काढली आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर केले.

खरी मेख नेदरमध्ये आहे. मूळ खेळ आणि फॅब्रिक या आवृत्तीत तिन्ही दुनिया एकाच फोल्डरमध्ये ठेवतात. नेदरचं उपफोल्डर ‘डिम-१’, त्यातलं चिन्ह वजाचं, आणि शेवटच्या दुनियेचं, एंडचं, ‘डिम१’. आमच्या पेपरवर या तिघी वेगवेगळ्या घरांत राहत होत्या: वर्ल्ड, वर्ल्ड नेदर, वर्ल्ड द एंड. मूळ सर्व्हरवरून पेपरवर येताना ही वाटणी आपोआप होते. उलट जाताना ती कुणी करून देत नाही. नेदरचं फोल्डर हाताने उचलून मुख्य जगात ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर फॅब्रिक तक्रार करत नाही. त्याला नेदर सापडत नाही, म्हणून ते जगाच्या त्याच बीजापासून, म्हणजे ज्या आकड्यावरून खेळ जमीन घडवतो त्यापासून, नवाकोरा नेदर तयार करतं. ताईचा बोगदा जिथे होता तिथे सलग लाल दगड येतो, जणू कुणी कधी गेलंच नव्हतं. ईशाला हे पाठ होतं. “मावशी, डिम वजा एक आधी,” तिने फोनवर सांगितलं आणि मी ठेवेपर्यंत ती फोनवर थांबली.

प्रत्येक दुनियेत तीन मुख्य फोल्डर असतात आणि तिन्ही न्यायची असतात. ‘रीजन’मध्ये जमीन आणि बांधकाम. एकेका फाइलमध्ये ५१२ गुणिले ५१२ ब्लॉकचा चौकोन मावतो. ‘एंटिटीज’मध्ये हलणारं सगळं, म्हणजे गुरं, गावकरी, आणि भिंतीवरची चित्रंसुद्धा. हे फोल्डर राहिलं तर घरं येतात आणि गोठे रिकामे होतात. ‘पीओआय’मध्ये पलंग कुठे, गावकऱ्यांच्या कामाच्या जागा कुठे आणि पोर्टल कुठे आहे याच्या खुणा. याशिवाय प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र फाइल, अंगावरच्या सामानासकट. मी दोन्हीकडच्या फाइली मोजून पाहिल्या, जुळल्या, आणि फॅब्रिक सुरू केलं.

सगळं आलं होतं. ताईचा बोगदा होता. आईच्या विहिरीत पाणी होतं. तिच्या मांजरांनी तिला ओळखलं, कारण पाळीव जनावराच्या नोंदीत मालकाचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक बदलला नव्हता. आणि ताईने सवयीने ‘होम’ लिहिलं तेव्हा लाल अक्षरांत उत्तर आलं की अशी आज्ञा माहीत नाही.

या हलण्यात मला जे स्पष्ट दिसलं ते असं. जे आम्ही हाताने जमिनीवर ठेवलं होतं ते सगळं आलं, एक मशालसुद्धा मागे राहिली नाही. जे सॉफ्टवेअर आमच्या वतीने करत होतं ते सगळं त्याच्याबरोबर राहिलं. ‘होम’ कुठल्याच ब्लॉकवर नव्हतं. बाबांचा रस्ता होता.

“चला,” बाबा म्हणाले, “आता चालत जाऊ ताईकडे.”

नेदरचा बोगदा शाबूत होता, त्यातून जाता आलं असतं. पण आईला नेदर सोसत नाही. तिथे घास्ट रडतात, पिग्लिन अंगावर येऊ नयेत म्हणून सोन्याचं काहीतरी घालावं लागतं, आणि पलंगावर आडवं व्हायला गेलं तर पलंग स्फोटाने उडतो. बाबांना उघड्या आभाळाखालची वाट हवी होती. निघालो तिघं: साताऱ्याहून बाबा, आइंडहोवनहून ईशा, पुण्याहून मी. तिघांच्या कानात एकच फोन. आई माळवाडीत थांबली, ताई तिच्या घरी.

शून्य दगडापासूनचा पहिला टप्पा जुन्या काळातला आहे. या रस्त्यावर आवृत्त्यांचे थर उघडे पडलेले आहेत. खेळ जमीन एकदाच तयार करतो. आपण पहिल्यांदा जवळ गेलो की तो भाग बनतो, फाइलमध्ये लिहिला जातो, आणि नंतर खेळ कितीही बदलला तरी ती जमीन बहुतेक तशीच राहते. माळवाडीभोवतीचा माळ २०२० चा, बुटक्या टेकड्यांचा. मशालीही काळ सांगतात. तेव्हा उजेड सातपर्यंत उतरला की राक्षस निपजत, म्हणून बाबांनी बारा-बारा पावलांवर मशाली लावल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ आलं आणि उजेड पूर्ण शून्य असेल तरच ते निपजू लागले. त्यानंतरच्या रस्त्यावर मशाली लांब लांब आहेत. मशालींमधलं अंतर वाढलं की समजायचं, पुढचा रस्ता २०२१ नंतरचा.

दगड १,००० पाशी पहिली मोरी. तिचं बांधकाम काळ्या बेसाल्टचं आहे. हा दगड खेळात जून २०२० च्या नेदर अपडेटने आला, आणि तो निसर्गतः नेदरमध्येच मिळतो. सोनं घालून, घास्टांना चुकवत, एवढ्या लांबून तो का आणला, असं मी बाबांना विचारलं.

“अगं, सातारा जिल्ह्यातली मोरी आहे ती,” ते म्हणाले. “काळ्या दगडाशिवाय कशी बांधू?”

सह्याद्री बेसाल्टचा. त्यांनी नोकरीत ज्या दगडावर हात ठेवला तोच त्यांना इथे हवा होता आणि तो ज्या दुनियेत मिळत होता तिथे ते गेले. पुढच्या प्रत्येक मोरीपाशी मी थांबून पाहिलं.

मग सवाना, बाभळींचं रान. खेळातली बाभूळ तिरकी वाढते आणि तिचं लाकूड भगवं निघतं. घाट इथून सुरू होतो. एकास वीसच्या चढावर उडी मारावी लागत नाही, स्लॅबवरून पाय आपोआप वर जातो. तीन वळणं घेऊन वर आलो आणि दगड २,००० च्या पलीकडे जमिनीने रूप बदललं. मागच्या टेकड्या शंभर-सव्वाशेच्या आत, पुढचे डोंगर दोनशेच्या वर. १.१८ ने डोंगर उंच केले आणि जमीन खाली उणे ६४ पर्यंत खोल नेली. जुन्या आणि नव्या जमिनीच्या सांध्यावर खेळ उतार जुळवून घेतो, म्हणून कडा तुटलेला दिसत नाही. पण माहीत असलेल्या माणसाला तो सांधा कळतो. बाबांना तो खेळाच्या बातम्यांतून कळला नव्हता. “इथून पुढे कटिंग फार झालं,” एवढंच ते म्हणाले.

पहिली रात्र वरच्या खिंडीत झाली. रात्र सरायची तर जगात असलेल्या सगळ्यांनी झोपावं लागतं. आम्ही तिघांनी पलंग टाकले. माळवाडीत आई आडवी झाली. ताईच्या घरी ताई स्वयंपाकात होती. आइंडहोवनला संध्याकाळ होती आणि खरी भाजी गॅसवर होती. “आई, झोप ना एक मिनिट,” ईशा तिच्या घरातल्या घरात ओरडली. ताई आली, झोपली, आणि पाचही जणांसाठी एकदम उजाडलं.

दगड ३,२५० हा शेवटचा. त्यापुढे फरसबंदी संपते, मग साइडपट्टीची खूण, मग काही खुंट्या, मग गवत. या जागेवर उभं राहून मी एक गोष्ट तपासली होती आणि ती दोघांना सांगितली. पुढे काहीच नव्हतं. खरोखर नव्हतं. ताई नेदरमधून गेली होती, आम्ही आज्ञा लिहून उड्या मारत होतो, त्यामुळे मधल्या भागाजवळ कुणीच कधी गेलं नव्हतं आणि म्हणून तो कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेला नव्हता. इतकी वर्षं आम्ही ताईच्या घरी जात होतो आणि आमच्यामधला तीन किलोमीटरांचा देश जन्मालाच आलेला नव्हता. त्याचं बीज तेवढं होतं. फॅब्रिकवर आलो तरी बीज तेच आणि आवृत्तीही तीच, म्हणजे जुन्या सर्व्हरवर चाललो असतो तरी हीच जमीन उठली असती. पण कुणी चाललं नव्हतं.

“म्हणजे आपण पहिले,” ईशा म्हणाली.

“आखणी करत जाऊ,” बाबा म्हणाले आणि त्यांनी लाल-पांढऱ्या लोकरीचा एक खांब रोवला.

पुढचा टप्पा मी आयुष्यभर विसरणार नाही. चढ ओलांडला आणि डोंगराच्या पोटात गुलाबी फुलांचं चेरीचं वन पसरलं होतं. चेरी खेळात जून २०२३ मध्ये आली, माळवाडीकडे एकही झाड नाही. जमिनीवर पाकळ्यांचा सडा, मधमाश्या. ईशाने रोपं गोळा केली. बाबा लाइन बघत होते: वनातून सरळ गेलं तर चढ एकास आठ पडतो, डाव्या अंगाने वळसा घेतला तर लांबी वाढते पण चढ बसतो. ते वर जाऊन खाली बघायचे, खाली येऊन वर बघायचे. साताऱ्याच्या घरात खुर्चीत बसलेला हा माणूस त्या वेळी घाटात उभा होता. मला त्यांच्या आवाजात ते ऐकू येत होतं.

वरच्या उतारावर बर्फ होतं, आणि त्यात एक धोका असतो. भुसभुशीत बर्फ वरून साध्या बर्फासारखंच दिसतं, पण पाय ठेवला की माणूस आत जातो आणि गारठून मरू शकतो. बाबा मोजणी करत मागे सरले आणि दिसेनासे झाले.

“आजोबा, हलू नका! मी येते.” ईशा धावली. तिच्या पायात चामड्याचे बूट होते आणि ते असले की त्या बर्फावरून चालता येतं. तिने बाजूने खणून त्यांना मोकळं केलं. मग पाठीवरच्या सामानातून दुसरे बूट काढून त्यांच्यापुढे टाकले. तिने ते निघतानाच बरोबर घेतले होते.

“ही जागा टाळायची,” बाबा जरा वेळाने म्हणाले, आणि तिथे त्यांनी नारिंगी खांब लावला.

उतरणीला एक गाव लागलं. माणसं, घंटा, गव्हाची शेतं, एक लोहार. कुणी न पाहिलेलं गाव आम्ही येण्याच्या क्षणभर आधी तयार झालं आणि तरी त्यातला म्हातारा गावकरी आपल्या दारात सवयीने उभा असावा तसा उभा होता. दुसरी रात्र तिथे काढली. ईशाने गावाचं नाव मधलं ठेवलं, कारण ते या नव्या टप्प्याच्या साधारण मध्यावर आहे. मी ‘रीजन’मधल्या फाइली उघडून पाहिल्या. यादीत नवी नावं उगवली होती, त्यात आर.८.-३ ही मधल्याची. त्या एका फाइलमध्ये सगळं गाव.

त्यानंतर जमीन ओली होत गेली आणि तिवरांचं रान आलं. मुळं पाण्यावर उभी, चिखल, बेडूक. हे रान खेळात २०२२ मध्ये आलं. ईशाने खरी तिवरं कोकणात एकदाच, आजोळी आली असताना पाहिली होती. “आपण दापोलीला गेलो होतो तिथे होतं ना हे?” तिने विचारलं. बाबांनी हो म्हटलं आणि इथे भराव न टाकता पूल करायचा असं ठरवलं, खालचं पाणी वाहतं ठेवायला.

तिवरं संपली आणि पुन्हा सांधा आला. या वेळी नव्याकडून जुन्याकडे. एकदम सपाट, २०२० चा किनारा, आणि त्यावर ताईने त्या वर्षी लावलेल्या मशाली, बारा-बारा पावलांवर. ती अंगणाच्या कडेला उभी होती. इतक्या वर्षांत तिच्या घरी जमिनीवरून आलेले पहिले पाहुणे आम्ही होतो, आणि तिच्या लक्षात आलं की या बाजूला घराला दारच नाही. तिने पश्चिमेची भिंत फोडली आणि आम्ही आत गेलो.

ईशाने तिथेच पेटी उघडून झोपाळा टांगला, अंगणात वृंदावन ठेवलं. आईने साताऱ्यातून बाबांच्या पडद्यावर वाकून पाहिलं. तिचा पहिला प्रश्न असा होता की तिथे यायला तिला किती वेळ लागेल.

त्यावरून घरात चर्चा सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. फॅब्रिकसाठी ‘होम’ देणारे मॉडही आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. भाऊजींना ते हवं आहे. ईशाचं म्हणणं वेगळं: ताईच्या जुन्या बोगद्यात निळ्या बर्फाची पट्टी घालायची आणि वरून नाव चालवायची. ती सेकंदाला सत्तर मीटरांहून वेगाने जाते, आठशे मीटर बारा सेकंदांत. पण निळ्या बर्फाच्या एका ब्लॉकला साध्या बर्फाचे ८१ ब्लॉक लागतात. माझं मत मी सांगून टाकलं आहे. रस्ता पुरा होईपर्यंत ‘होम’ नको, कारण ते परत आलं तर मधल्याला कुणी जाणार नाही आणि ते गाव फाइलमध्ये पडून राहील. आईने माझ्या बाजूने मत दिलं. झोपाळ्यापर्यंत ती चालत जाणार आहे, बर्फाची जागा टाळून, मधल्याला मुक्काम करून.

बाबांनी अंदाजपत्रक केलं आहे. वळणांसकट उरलेली लांबी ३,६०० ब्लॉक, रुंदी तीन, म्हणजे फरसबंदीला १०,८०० ब्लॉक: तीन मोठ्या पेट्या भरून वर ४३२. मोऱ्या आणि तिवरांवरचा पूल वेगळा. ताई समुद्राकडून मशाली लावत येणार, बाबा ३,२५० पासून पुढे. दगड माझ्याकडे पुरेसा आहे. बेसाल्ट मात्र नेदरमधून आणावा लागेल, आणि त्यासाठी ईशाची परीक्षा संपायची आम्ही वाट बघतोय.